रिक्षावाल्याच्या पोराने गाठलं वर्ल्डकपचं मैदान. मलकापूरच्या पोराला आज तोच रस्ता मिळेल का?

मलकापूर ते कोल्हापूरचं शाहू स्टेडियम हे अंतर साधारण ४५ किलोमीटर. शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या पोराच्या पायात फुटबॉल असेल, तर त्याचं पहिलं स्वप्न याच मैदानावर येऊन थांबतं. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना लागला की स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. तालमीच्या नावाने फुटबॉल संघ चालवणारं आणि त्यावरून पेठापेठांत खुन्नस धरणारं दुसरं शहर महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही.

पण एवढी गर्दी असूनही कोल्हापूरच्या खेळाडूला देशाच्या संघात जायचं तर आधी कोल्हापूर सोडावं लागतं. अनिकेत जाधवचं करिअर पाहिलं की हे लगेच कळतं.

अनिकेतचा जन्म जुलै २००० चा, कोल्हापूरचाच. वडील रिक्षा चालवायचे. शाळकरी वयातच त्याची निवड पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. प्रबोधिनी ही राज्य सरकारची निवासी योजना. राहणं, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण एकाच ठिकाणी होत असल्याने घरच्यांच्या खिशाला फार झळ बसत नाही. ऑलिम्पिक पदक जिंकणारा राधानगरीचा नेमबाज स्वप्निल कुसाळेही प्रबोधिनीतूनच पुढे आला.

६ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत भारताचा संघ अमेरिकेविरुद्ध १७ वर्षांखालील वर्ल्डकपचा पहिला सामना खेळायला उतरला. फुटबॉलच्या कुठल्याही वर्ल्डकपमधला भारताचा हा पहिलाच सामना, आणि आघाडीला होता अनिकेत. भारत ०-३ ने हरला. पुढे कोलंबिया आणि घानानेही हरवलं. पण फेडरेशनने ही पोरं विखुरू दिली नाहीत. बहुतेकांना 'इंडियन ॲरोज' या संघात घेऊन थेट आय-लीगमध्ये उतरवलं. पहिल्याच सामन्यात ॲरोजने चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते.

२०१९ मध्ये तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे तीन महिने सरावाला गेला. गंमत म्हणजे या क्लबची मालकी पुण्याच्या व्यंकीजकडे आहे. नंतर जमशेदपूर, मग हैदराबाद. मार्च २०२२ मध्ये हैदराबादने आयएसएल जिंकली आणि त्याच महिन्यात बहरीनमधल्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी भारताच्या सीनियर संघात अनिकेतचं नाव आलं. त्यानंतर तो ओडिशा एफसीकडे गेला.

यात गुणवत्ता आणि मेहनत त्याची, हे उघडच आहे. पण १७ ते २० हे वय खेळाडूसाठी सगळ्यात धोक्याचं असतं. ज्युनियर संघातून बाहेर पडलेल्या पोराला सीनियर संघात कोणी खेळवत नाही आणि तो बाकावरच संपतो. अनिकेतला त्या वयात दर आठवड्याला मोठ्या माणसांविरुद्ध खेळायला मिळालं, ते ॲरोजमुळे.

काही देशांत ही सोय लीगच्या नियमांतच असते. ऑस्ट्रेलियात 'फूटी', म्हणजे अंडाकृती बॉलने खेळला जाणारा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तुफान लोकप्रिय आहे. तिथे दरवर्षी ड्राफ्ट होतो. देशभरातली अठराच्या आसपासची पोरं यादीत असतात, तळाला राहिलेल्या क्लबला पहिली पसंती मिळते आणि ड्राफ्टमध्ये निवडलेल्या पोराला किमान दोन वर्षांचा करार मिळतो. म्हणजे दुखापत झाली किंवा फॉर्म गेला तरी दोन वर्षं पगार आणि सराव चालू.

आपल्याकडे उलटं झालं. २०२२ मध्ये फेडरेशनने ॲरोज हा संघच बंद केला. त्या पैशातून तरुणांसाठी देशव्यापी लीग उभारायची, असं कारण दिलं गेलं. कल्पना वाईट नाही. पण आपल्याच वयाच्या पोरांशी खेळणं आणि आय-लीगमधल्या तिशीतल्या डिफेंडरचा धक्का खाणं यात फरक आहे.

त्यात जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवण्यात आला. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि नव्या करारावर एकमत होत नव्हतं. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडूंचे पगार बेमुदत थांबवले. सुनील छेत्री तेव्हा ज्या क्लबकडून खेळत होता, तो हा क्लब. आता मलकापूरच्या एखाद्या बापाने पोराला प्रबोधिनीच्या चाचणीला न्यायचं ठरवलं, तर घरातून पहिला प्रश्न येईल, 'पुढं काय?' २०१७ मध्ये त्याला निदान ॲरोजचं नाव सांगता आलं असतं.