शेळी विकायच्या आधी मनाई हुकमाचं गणित समजून घ्या



“स्टे आणायचा हाय, किती पैसं लागतील?” माळशिरस तालुक्यातल्या वस्त्यांवर बैठक लागली की हा सवाल हटकून येतो. विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा तोवर शेळी विकलेली असते, नाहीतर मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली असते. जमीन वाचवायला निघालेला माणूस आधी पुढच्या हंगामाची मजुरी गहाण टाकतो. म्हणून यावेळी याच विषयावर बोलायचं. आमचं म्हणणं एवढंच, की मनाई हुकमाला पैशापेक्षा वेळ आणि पुरावा जास्त लागतो. आपण पैसा गोळा करण्यात वेळ घालवतो आणि पुरावा घरातच राहतो.

पहिलं बघायचं, आडवा कोण आलाय. शेजारचा बागायतदार पिकात ट्रॅक्टर घालत असेल, वहिवाटीचा रस्ता किंवा विहिरीचं पाणी अडवत असेल, तर तहसीलदाराकडं जा. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ सालचा आहे, पण आजही चालू आहे. त्याच्या कलम ५ खाली तहसीलदार मनाई हुकूम देऊ शकतो, हिसकावलेला ताबाही परत देऊ शकतो. अट एकच, घटनेपासून ६ महिन्यांच्या आत दावा पाहिजे. अर्ज साधा असला, नियमात बसला नाही, तरी फेकून देता येत नाही. हा कायदा काय देतो ते तहसीलदारानं अर्जदाराला समजावून सांगायचं आणि अर्जदाराची इच्छा असेल तर तोच अर्ज दावा म्हणून धरायचा, असं कलम ८ सांगतं. “आज जा, उद्या या” करत ६ महिने गेले की हे दार बंद.

पण आडवं वनखातं आलं असेल तर हा रस्ता नाही. सरकारी अधिकाऱ्यानं अधिकारात केलेल्या कामाविरुद्ध मामलेदार कोर्टात दावा चालत नाही. तिथं आपलं हत्यार वनहक्क कायदा, २००६. कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून दावेदाराला हटवता येत नाही. म्हणून दाव्याची पोच जपा, ती जवळ ठेवा. दावा फेटाळला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागा. दिवाणी कोर्टात सरकारवर दावा लावायचा तर आधी २ महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीनं नोटीशीशिवायही जाता येतं.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि देशभर लाखो घरांवर टांगती तलवार आली. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. मधल्या १५ दिवसांत गावागावांतून आवाज उठला होता, हे विसरू नका.

दिवाणी कोर्ट तीन गोष्टी बघतं. तुमची बाजू सकृतदर्शनी खरी दिसते का, हुकूम दिला नाही तर जास्त नुकसान कुणाचं, आणि ते नंतर पैशानं भरून निघेल का. त्यासाठी सातबारा, दंडाच्या पावत्या, पंचनामा, जुन्या माणसांचे जबाब गोळा करा. खोटं मात्र सांगू नका. खोट्या आधारावर मनाई घेतली तर समोरच्याला ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची पाळी येते.

आता खर्च. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. कोर्ट फीसुद्धा त्यातच येते. फासेपारधी समाज अनुसूचित जमातीत आहे, म्हणून जातीचा दाखला तयार ठेवा. मालमत्तेच्या वादात बायांना कोर्ट फी माफ आहे, राज्य सरकारनं १९९४ सालीच ती माफ केली. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडं, माळशिरसच्या कोर्टातच करायचा. आणि दलित-आदिवासीची जमीन बेकायदा बळकावणं हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. तिथं फिर्याद द्यायला एक पैसाही लागत नाही.

समोरचा आपल्याच विरुद्ध गुपचूप हुकूम आणील अशी शंका असेल तर कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवा. ते ९० दिवस चालतं. तेवढ्या काळात आपल्याला कळवल्याशिवाय कोर्ट हुकूम देत नाही.

शेवटचं. हुकूम मिळाला म्हणजे लढाई संपली असं नाही. नक्कल काढा, एक पोलीस ठाण्यात द्या, एक ग्रामसभेत वाचून दाखवा. पुढची तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलात तर मिळालेला हुकूमही जातो. कोणी दिवाणी कोर्टाचा हुकूम मोडला तर कोर्ट त्याची मालमत्ता जप्त करू शकतं, ३ महिन्यांपर्यंत तुरुंगातही ठेवू शकतं. पण तारखेला तुमच्याबरोबर वस्तीतली चार माणसं उभी असली, तर तो मोडण्याआधी दहादा विचार करील.

तेव्हा शेळी राहू द्या गोठ्यात. आधी कागद घेऊन बैठकीला या.