योग्य डॉक्टर कोणाच्या वाट्याला?

पीसीओएस ह्या विकाराविषयी दैनिकांच्या पुरवण्यांतून जे लिखाण येते ते वाचले, तर हा रोग महाविद्यालयीन तरुणींना होतो, लग्नानंतर मूल होण्यात अडथळा आणतो आणि मूल झाले की संपतो, अशी कोणाचीही समजूत व्हावी. ह्या समजुतीत अज्ञान थोडे आहे, हिशेब अधिक आहे. मूल हवे असलेल्या जोडप्याकडून पैसा काढता येतो. पंचेचाळिशीच्या, दोन-तीन मुलांच्या आईकडून तो तसा निघत नाही. म्हणून तिचा रोगही पुरवणीतून नाहीसा होतो. शरीरातून मात्र तो नाहीसा होत नाही.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल ह्या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या तपासणीवरून ह्या विकाराचे वर्णन केले. त्यांचे लक्ष बीजकोशावर होते, आणि नावही तेच चिकटले. वस्तुतः सोनोग्राफीत ज्या 'गाठी' दिसतात त्या गाठी नव्हेत. पूर्ण वाढ न झालेली ती बीजांडांची पुटिका असतात. रोगाचे मूळ संप्रेरकांच्या बिघाडात आणि बहुतेकींच्या बाबतीत इन्शुलिनला शरीर दाद देत नाही ह्यात आहे. पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील चित्र, ह्या तिहींपैकी दोन लक्षणे असली आणि दुसरे कारण नसले म्हणजे निदान पक्के, अशी कसोटी २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयाच्या शंभर स्त्रियांत दहा ते तेरा जणींना हा विकार असतो, आणि त्यांतील सत्तर टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते.

चाळिशीनंतर एक फसवी गोष्ट घडते. पुरुषी संप्रेरके वयानुसार उतरतात आणि आयुष्यभर बेभरवशाची असलेली पाळी पुष्कळदा बरीचशी नियमित होऊ लागते. बाईला वाटते, सुटले. पण इन्शुलिनचा बिघाड तसाच राहतो. त्यातून मधुमेह येतो, रक्तदाब येतो, रक्तातील चरबी वाढते. मानेची कातडी काळी आणि जाड पडते ती ह्याच बिघाडाची खूण आहे. घरोघरी बायका ती मळ समजून दगडाने घासत असतात. ज्यांची पाळी चार-चार, सहा-सहा महिने येत नाही त्यांच्या गर्भाशयाचे अस्तर साचत राहते, आणि ह्या स्त्रियांना त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका इतरांहून कितीतरी पटींनी अधिक असतो. तो टाळण्याचा उपाय साधा आहे: ठरावीक काळाने प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन अस्तर पाडणे. गोळी स्वस्त, जुनी. देणारा पाहिजे.

आता अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीची एक बाई डोळ्यांपुढे धरू. गाव नगरपालिकेचे, पण कर्नाटकाच्या सीमेला लागलेले. घरात बोली कानडी, कागद मराठी, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजी. पाळी पंधराव्या वर्षापासूनच अनियमित. हनुवटीवर राठ केस, तेही चोरून उपटायचे. आता पंचेचाळिशीत सहा महिन्यांनी पाळी आली आणि पंधरा दिवस थांबली नाही. गावातला डॉक्टर सलाईन लावतो आणि 'पाळी जाण्याचे वय झाले' असे सांगतो. तीस वर्षांचा इतिहास ह्या एका वाक्यात पुसला जातो, कारण तो कोणी विचारलेलाच नसतो. अक्कलकोटला ग्रामीण रुग्णालय आहे. पण त्या दिवशी तेथे स्त्रीरोगतज्ज्ञ भेटेल की नाही हा नशिबाचा भाग. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील अशा रुग्णालयांत तज्ज्ञांची जवळजवळ ऐंशी टक्के तूट होती. मग उरते सोलापूर. पन्नासएक किलोमीटर, एस.टी., बुडालेली मजुरी, बरोबर यायला एक माणूस. तेथे स्त्रीरोगाचा एक, मधुमेहाचा दुसरा, कातडीचा तिसरा आणि ग्रंथींचा, भेटलाच तर, चौथा. एकाच बाईच्या एकाच रोगाचे चार तुकडे आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी फी! एवढे करूनही चौघांनी मिळून तिचा रोग तिला सांगितला असेल, असे नाही.

ह्या वाटेच्या शेवटी एक सोपा, एकरकमी उपाय उभा असतो. 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. नाही तर कॅन्सर होईल.' हा कल्पनेचा खेळ नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर बायकांची कहाणी २०१९ मध्ये महाराष्ट्राने वाचली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत कामावर खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. उचल फेडायची असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तिच्यातील एक अर्धा थांबला की दुसराही थांबतो. त्यामुळे कर्ज काढून केलेले ऑपरेशन हीच तेथे बचत ठरते. त्या तेरा हजारांत किती जणींना पीसीओएस होता आणि किती जणी गोळ्यांवर बऱ्या झाल्या असत्या हे आता कधीही कळणार नाही, कारण पुरावाच काढून टाकलेला आहे. आणि पीसीओएसपुरते बोलायचे तर पिशवी काढल्याने पाळी थांबते, इन्शुलिनचा बिघाड थांबत नाही. बरोबर बीजकोशही काढले तर हाडे ठिसूळ होण्याची आणि हृदयविकाराची घाई तेवढी वाढते.

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयात दहा वर्षे होती. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा पैसा मिळवण्यासाठी गर्भाशये काढली गेली, असा तीत आरोप होता. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अंमलात आणण्यास राज्यांना सांगितले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थांबेल. विमा भरती झालेल्या रुग्णाचे आणि शस्त्रक्रियेचे बिल भरतो; अर्धा तास बसून तीस वर्षांचा इतिहास विचारणाऱ्या डॉक्टरला, दोन तासांच्या साखरेच्या तपासणीला, दरमहाच्या गोळीला तो काही देत नाही. ज्याला पैसा मिळतो तेच घडते, ह्यात नवल ते काय? केनेथ ॲरो ह्यांनी १९६३ मध्येच दाखवले होते की वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर मालासारखी नाही. येथे घेणाऱ्याला आपल्याला काय हवे हे ठाऊक नसते, ते विकणाराच ठरवतो. वेल्समधील खाण-कामगारांचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट ह्यांनी १९७१ मध्ये त्याचे दुसरे टोक मांडले: जेथे गरज सर्वाधिक तेथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी पोचते, आणि बाजाराला जितका मोकळा हात तितके हे अधिक. मैंदर्गीला हे सिद्ध करण्यासाठी दोघांच्याही पुस्तकांची गरज नाही.

काही शहाणे म्हणतात, हा बैठ्या श्रीमंतांचा रोग. वजन उतरवा, चाला, गोड सोडा. वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरले तर उपयोग होतो, हे खरे आहे. पण बारीक अंगाच्या बायकांनाही हा रोग होतो, आणि भारतीय शरीराला मधुमेह कमी वजनातच गाठतो. शिवाय चालायचे कोणी आणि केव्हा? सोलापुरात मांडीवर तंबाखूचे सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई बैठी आहे, ती काही हौसेने नव्हे. उठली तर हजार भरत नाहीत. ज्वारीच्या ह्या जिल्ह्यात रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ येतो, मालदांडी विकत घ्यावी लागते. पोषणाचा उपदेश करणाऱ्याने आधी शिधापत्रिका पाहावी.

वस्तुतः योग्य डॉक्टर म्हणजे मोठा डॉक्टर नव्हे. पाळी केव्हापासून अनियमित आहे हे बाईच्या भाषेत विचारणारा, रक्तदाब आणि कंबर मोजणारा, उपाशीपोटी व साखर पाजून दोन तासांनी रक्त तपासणारा, थायरॉइडचा दोष नाही ना हे पाहणारा, तीन महिने पाळी आली नाही तर अस्तर पाडणारा, आणि पंचेचाळिशीनंतरच्या अवेळी रक्तस्रावात पिशवी काढण्याआधी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवणारा, इतकाच तो. ह्यातील शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सारे एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्याला करता येते. मेटफॉर्मिन सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतच आहे. त्याला वेळ, टिकाऊ नोकरी आणि हाताशी प्रयोगशाळा द्यावी लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क झाले. हे चांगलेच झाले. परंतु ज्या खुर्चीवर कोणी बसलेलेच नाही तिच्यासमोर फुकट बसण्याचा बाईला उपयोग काय? १९४६ मध्ये भोर समितीने सांगितले होते की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहता कामा नये. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सार्वजनिक खर्च करण्याचे वचन दिले. ती मुदतही टळून गेली.

ह्यात आपला दोष नाही काय? मोर्चात बायका पुढे, आणि मागण्यांच्या यादीत त्यांची प्रकृती बाळंतपणापुरती. पाळीचा शब्द सभेत उच्चारायला कार्यकर्त्याला अजून लाज वाटते. ती लाज बाजाराला नाही, म्हणून सोलापूरच्या रस्त्यांवर वंध्यत्व-केंद्रांचे फलक आहेत आणि आपले एकही पत्रक नाही. तिशीपुढील प्रत्येक माणसाची मधुमेह-रक्तदाबासाठी आशाताई जी प्रश्नावली भरून घेतात, तीत दोन पाळ्यांमधील आणि पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाविषयी प्रश्न आहेत. पाळी महिनोन्महिने येतच नाही, आणि लहानपणापासून येत नाही, ह्याला रकाना नाही. तो एक रकाना वाढवा, आणि तेथे 'होय' लिहिणाऱ्या प्रत्येकीची साखर तपासा, ही मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे नेण्यास कोणत्या परिषदेच्या ठरावाची वाट पाहायची? अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार चाळिशीपुढील स्त्रियांसाठी राखून ठेवावी, तेथे कानडी जाणणारी परिचारिका असावी, आणि कोणत्या दुपारी कोण डॉक्टर बसला नाही ह्याची नोंद रुग्ण कल्याण समितीने दारावर लावावी. मैंदर्गी आणि दुधनीच्या शाखांनी ह्या तीन गोष्टी ऊस गळीत सुरू होण्यापूर्वी हाती घ्याव्यात. टोळ्या एकदा गेल्या की त्या बायका पाच-सहा महिने भेटत नाहीत.