सरफोजींचा बँड आणि आमचे कान

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव लागते. तेथील मुक्तांबाळ छत्र पाहावयास आम्ही काही मराठी कुटुंबे मिळून गेलो होतो. दुसरे सरफोजीराजे यांनी आपल्या दिवंगत सहचरीच्या स्मरणार्थ हे छत्र उभारले. रामेश्वराच्या यात्रेकरूंना येथे अन्न मिळे आणि मुलांना विद्या मिळे. त्या छत्रासमोरच्या दुकानापाशी पाच-सात शाळकरी मुली एका मोबाइलभोवती डोकी जुळवून कोरियाच्या बीटीएस या गायकवृंदाचे गाणे ऐकत होत्या. आमच्या एका स्नेह्यांची पंधरा वर्षांची कन्याही त्यांच्यात जाऊन उभी राहिली. शब्द कोणालाच उमगत नव्हते. माना मात्र एकाच ठेक्यात डोलत होत्या. स्नेही संतापून म्हणाले, "आपल्या राजाच्या दारात ही थेरं! महाराजांना काय वाटले असते?"

प्रश्न उद्वेगाचा होता खरा. परंतु त्याला इतिहासाने उत्तर दिलेले आहे, आणि ते आमच्या स्नेह्यांना मानवणारे नाही. १७९८ साली गादीवर आलेल्या या राजाने आपल्या वाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँडच बाळगला होता! त्या संगीताच्या स्वरलेखनाची पुस्तके सरस्वती महाल ग्रंथालयात त्याने जतन करून ठेविली. महाराजांना काय वाटले असते? बहुधा त्या मुलींना त्यांनी वाड्यात बोलावून ते गाणे पुन्हा ऐकविण्यास सांगितले असते.

भोसल्यांच्याच राज्यात, तिरुवारूरला, १७७५ साली मुत्तुस्वामी दीक्षित जन्मले. पुढे मद्रासजवळ मणली येथे हे कुटुंब राहिले, आणि तेथे या भावंडांच्या कोवळ्या कानांवर इंग्रजी पलटणीचा बँड पडला. दीक्षितांनी त्या चालींवर संस्कृत शब्द बांधले; इंग्रजांच्या राष्ट्रगीताची चालही त्यांतून सुटली नाही. धाकटे बंधू बाळुस्वामी यांनी तर व्हायोलिनच शिकून घेतले. आज त्या वाद्यावाचून कर्नाटक संगीताची कच्चेरी रंगत नाही. (तमिळ माणूस मैफलीला कच्चेरी म्हणतो, आमच्या कचेऱ्यांत मात्र सूर कधीच लागत नाही, ही गोष्ट वेगळी.) दीक्षितांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी "म्लेंच्छांचे ढोल ऐकू नका" असे म्हणून खिडक्या लावून घेतल्या असत्या, तर दक्षिणेचे संगीत आज कितीतरी दरिद्री असते.

आता दुसरा मराठी माणूस पाहा. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, आणि आकाशवाणीवरून त्यांनी त्या संगीताची सेवाही केली. परंतु लोकांचे कान हुकमाने घडविता येतात, असा त्यांचा समज होता. आकाशवाणीवरील चित्रपटगीते आटली, आणि उभ्या देशातील तरुणांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. अखेर १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. अधिकारी माणसाने हा धडा मुखोद्गत करून ठेवावा. आवडीवर बंदी घातली की आवड मरत नाही. ती फक्त घर सोडून जाते.

हे आम्ही कोरड्या किनाऱ्यावर उभे राहून सांगत नाही. आमच्या मुलाने पंधराव्या वर्षी बीटल्सची एक कॅसेट आणली होती. "या घरात हे चालणार नाही," असे बजावून आम्ही ती परत करावयास लाविली आणि त्याच्यासमोर नाट्यगीते ठेविली. तो बीटल्स मित्राच्या घरी ऐकू लागला. नाट्यगीते त्याने कोठेच ऐकली नाहीत. आज तो आमच्याशी इंग्रजीत बोलतो. कॅसेटने त्याची मराठी नेली नाही. ज्या वयात त्याला सर्वांत अधिक बोलावयाचे होते, त्याच वयात आम्ही संभाषण तोडले, त्याने ती नेली.

"मग मराठीचे काय?" असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. त्याचेही उत्तर सरफोजींपाशीच मिळते. त्यांची मराठी निरूपणे पाहावीत. अलारिप्पु, जतिस्वर, वर्ण, पद हा नृत्याचा सारा साज दाक्षिणात्य, आणि शब्द मराठी! परक्याचा सूर घेताना आपली भाषा त्यांनी गहाण टाकली नाही. उलट त्या सुरावर तिला नवे घर बांधून दिले. हा व्यवहार एकतर्फीही नव्हता. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनातील साकी-दिंडी उचलून तमिळ हरिकथा सजविली. घेण्याची लाज त्यांनाही वाटली नाही.

आमची महाराष्ट्र मंडळे मात्र गणेशोत्सवाच्या रंगमंचावरून मुलांचे बँड हद्दपार करण्याचे ठराव करतात, आणि मुले फिरकत नाहीत म्हणून वार्षिक अहवालात हळहळतात. आमचे म्हणणे एवढेच, की एक संध्याकाळ त्या मुलांच्या हाती द्यावी. गिटार त्यांची, ठेका त्यांचा. अट एकच, एक तरी गीत मराठीत हवे, आणि त्याचे शब्द जुळवावयास बापाने मुलाशेजारी बसावे. शब्द जुळले नाहीत, तर त्याचा दोष बँडच्या माथी मारू नये. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठीला जे साधले, ते आमच्या मराठीला का साधत नाही, एवढे मात्र त्या रात्री स्वतःला विचारावे.