टाकी बांधण्याआधी सांभाळणारा ठरवा



गाळप हंगाम आटोपतो, उसाचे बिल हाती येते आणि त्या पैशाला वाट दाखवणारी मंडळीही नेमकी त्याच सुमारास दारात उभी राहतात. हल्ली त्यांच्या पिशवीत अ‍ॅक्वापोनिक्स नावाची नवी वस्तू असते. नाव जड असले तरी गोष्ट साधी आहे. टाकीत मासे पाळायचे, त्यांचे पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवायचे, वाफ्यात भाजी लावायची आणि भाजीने निवळलेले पाणी परत टाकीत सोडायचे. माती नाही, खताचे पोते नाही, आणि पाणी फिरून तेच.

ही विद्या खरी आहे व घरी करून पाहण्याजोगी आहे, असे आमचे मत आहे. पण ती धंदा म्हणून, तयार संच म्हणून, उसाच्या बिलातले पैसे घालून घ्यावी असे आमचे मत नाही. शिवाय टाकी कोण बांधणार यापेक्षा टाकी रोज कोण पाहणार, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. तेवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी यातले मर्म समजून घेऊ. उसाला युरिया टाकला की तो जसाच्या तसा मुळात जात नाही. जमिनीतले जिवाणू त्याचा अमोनिया, अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पीक उचलते. माशाच्या टाकीत हेच घडते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातूनही तो तयार होतो. तो साचला तर मासाच मरतो. पण खडीवर जिवाणूंचा थर बसलेला असेल तर त्याच विषाचे खत होते. म्हणजे माशाने खत द्यायचे, जिवाणूने शिजवायचे आणि भाजीने खायचे. तिघांपैकी एक जरी रुसला तरी घर मोडते.

जिवाणूंचा हा थर बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. तोवर टाकीत भरपूर मासे सोडता येत नाहीत. तेव्हा आज संच बसवतो आणि उद्या मासे सोडतो म्हणणारा विक्रेता भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

ही कल्पना परदेशातून आली म्हणून दबून जायचे कारण नाही. आजची शास्त्रीय पद्धत १९८० पासून अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांवर जेम्स रॅकोसी यांच्या प्रयोगांतून घडली, आणि २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने घरगुती संचाचे सविस्तर पुस्तक काढले, हे खरे. पण पाणी, मासा आणि पीक यांची सोयरीक आपल्या विदर्भात जुनीच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत गोंड राजवटीपासून हजारोंनी तलाव बांधले गेले. त्यात कोहळी समाजाचा हात मोठा. तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे अशी या समाजाची दुहेरी ओळख रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. तलावाखाली भात आणि ऊस, तलावात ढिवरांची मासेमारी, असा तो संसार होता. म्हणजे साखर कारखाने यायच्या कितीतरी आधी वैनगंगेच्या खोऱ्यातला ऊस माशांच्या शेजारी वाढत होता!

पुढे १९५१ साली मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले, नाव पडले माजी मालगुजारी तलाव, लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ केले, आणि पाळ कुणी बांधायची, गाळ कुणी काढायचा, पाट कुणी साफ करायचा हे ठरायचे राहून गेले. कितीतरी तलाव गाळाने भरले. बांधणारे हुशार होते, बांधकामही पक्के होते. तुटली ती सांभाळणाऱ्यांची साखळी. हजार लिटरच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे.

आता प्रत्यक्ष उभारणीकडे येऊ. उदाहरणासाठी आम्ही मुद्दाम नागपूरचा महाल घेतला आहे. आपल्यातल्या कित्येकांची मुले नागपुरात शिकतात, काहींची त्या बाजूला घरेही आहेत. दुसरे असे की महाल ही अवघड जागा आहे. भोसल्यांच्या वेळची जुनी वस्ती, अरुंद गल्ल्या, भिंतीला भिंत लागलेली घरे, कुठे वाड्याच्या चौकात विहीर, आणि वरून नागपूरचे ऊन. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. जे महालात तगेल ते शेतावरच्या घरी तगेलच.

अशा घरात पहिला मोह होतो तो गच्चीचा. तो आवरावा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. त्याला जोडून एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फूटभर खोल असे तीन वाफे खडीने भरले की आणखी दीड टन आणि वाफ्यातले पाणी वेगळे. भरल्या बैलगाडीतल्या उसापेक्षा हे ओझे जास्त. जुन्या वाड्याच्या लाकडी पाटणीवर ते चढवणे म्हणजे घरच्यांच्या डोक्यावर संकट टांगणे. नव्या स्लॅबवरही इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवू नये.

वजनाखेरीज उन्हाचाही प्रश्न आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला मात्र तो जास्त लागतो. अमोनियाचे विषही तापलेल्या पाण्यात जास्त चढते. म्हणून टाकी खाली, चौकात, सावलीत ठेवावी. जमिनीत थोडी पुरता आली तर उत्तम. भाजीच्या वाफ्याला सकाळचे ऊन मिळावे आणि मार्च ते जून वर हिरवी जाळी असावी. टाकीवर झाकण किंवा जाळी हवीच. लहान मूल आत पडू नये, मांजराने मासा नेऊ नये आणि उन्हामुळे पाण्यात शेवाळ माजू नये.

पाण्याचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. त्याने मासेही मरतात आणि जिवाणूही. ते पाणी उघड्या भांड्यात दिवस-दोन दिवस ठेवून मगच टाकीत घालावे. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण ते जड असेल तर भाजीला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो ना, तोच हा रोग. यावर चिलेटेड लोह अगदी बेताने, हजार लिटरला शुद्ध लोह २ ग्रॅम बसेल एवढे, दोन-तीन आठवड्यांनी द्यावे.

मासे किती? हजार लिटरला २० किलो मासळी ही वरची मर्यादा समजतात. नवख्याने तिच्या निम्म्यावर थांबावे, म्हणजे अर्ध्या किलोपर्यंत वाढणारे वीस मासे. सायप्रिनस काटक आहे, त्याने सुरुवात करावी. तिलापियाला शासनाची परवानगी लागते आणि थाई मांगूर पाळण्यास देशात बंदी आहे, हे बीज घेतानाच लक्षात ठेवावे. आपल्यात माळकरी सभासद पुष्कळ आहेत. त्यांनी शोभेचे मासे पाळावेत. सोनेरी मासाही भाजीला तेच खत देतो, त्याला कापावे लागत नाही. नागपुरात मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. बीजाबद्दल शंका असेल तर तिथे विचारावे, दलालाला नव्हे.

भाजीत पालक, सांभार, पुदिना, चुका, अळू हे आधी लावावे. टमाटर, वांगी, मिरची यांना जोर जास्त लागतो. ती दुसऱ्या वर्षी पाहावीत.

एवढे झाले की उभारणी संपली आणि खरे काम सुरू झाले. रोज सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात का ते पाहायचे. तसे दिसले तर प्राणवायू कमी पडला आहे. दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटांत संपेल एवढेच खाद्य टाकायचे आणि उरलेले जाळीने काढायचे. गुरांना वैरण जास्त पडली तर उद्या खातील. इथे जास्त पडलेला घास कुजून विष होतो. नवी टाकी असताना दिवसाआड, नंतर आठवड्यातून एकदा अमोनिया, नायट्राइट आणि पाण्याचा सामू तपासायचा. अमोनिया आणि नायट्राइट लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली हवेत. वर गेले तर खाद्य बंद करून थोडे पाणी बदलायचे. आटलेले पाणी रोज भरायचे. पंपाची जाळी महिन्यातून निदान एकदा धुवायची. तळाचा गाळ काढून कढीपत्त्याला, पपईला घालायचा. फवारणीचा पंप मात्र या टाकीजवळ धुवायचासुद्धा नाही. वाफ्यावरची कीड हाताने वेचायची.

वीज गेली तर काय, हे आधीच ठरवावे. मोटार थांबली तर ऊस दोन दिवस वाट पाहतो, मासा मात्र काही तासांत उलटा होतो. बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप जवळ नसेल तर मासे आणूच नयेत. टाकी टाकून दिली, मासे मेले, की त्याच पाण्यात डास होतात आणि घरात डेंग्यू शिरतो.

आता हिशेब मांडू. ४० वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला तीस युनिटच्या आसपास वीज जाते. खाद्य, बीज, तपासणीचे औषध हे वेगळे. बदल्यात वर्षाला फार तर दहा किलो मासळी आणि घरापुरती पालेभाजी. यात नफा कुठे आहे? नाहीच. परसातली कोंबडी जशी घरच्या ताटासाठी असते, तशी ही टाकी समजावी. अनुदान मिळते म्हणून घेऊ नये. आपल्या गरजेची असेल तरच घ्यावी, मग अनुदान मिळाले तर बरे. आणि ‘माल आम्हीच परत घेऊ’ असे जो लिहून देतो त्याच्यापासून चार हात दूर राहावे. २०१२ साली तामिळनाडूत इमू पक्ष्याच्या करारात आणि २०१९ साली आपल्या सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबडीच्या करारात शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले, ते सर्वांनी वाचले आहे. तिथे पक्षी खोटा नव्हता, करार खोटा होता.

मग नफा नाही तर करायचे कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे. पाटाने भिजवलेला एक हेक्टर ऊस दोन-अडीच कोटी लिटर पाणी पितो. आपण पाणी मोजायला शिकलोच नाही, कारण पाट वाहतो तेव्हा पाणी मोजावेसे वाटत नाही. या टाकीत मात्र रोज शंभराला एक ते तीन लिटर पाणी आटते, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि ते आपल्या हाताने भरावे लागते. ज्या घरातल्या मुलाने वर्षभर ते भरले, तेच पाणी आधी माशाला आणि मग भाजीला जाताना पाहिले, तो मुलगा उद्या उसाला रात्रभर पाणी सोडून झोपणार नाही. हा फायदा कोणत्याही बिलात दिसत नाही, पण आपल्या धंद्याचे भवितव्य त्यावर आहे.

शेवटी एक स्पष्ट बोलतो. घरात नवे काही आले की त्याची हौस पुरुषाची असते आणि रोजचे काम बाईच्या गळ्यात पडते. गुरांचे तसेच, कोंबड्यांचे तसेच. तेव्हा टाकीचा निर्णय घरातल्या बाईला विचारल्याशिवाय घेऊ नये. ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर वरची भाजी-मासळी विकून जे चार पैसे येतील ते तिचे. कामाची पाळी कुणाची, परगावी गेल्यावर कोण पाहणार, हे भिंतीवर लिहून ठेवावे.

कारखान्याकडे आमचे मागणे लहान आहे. यासाठी कर्ज योजना काढू नये, बिलातून कपात करून संच वाटू नयेत. शेतकी विभागाच्या कार्यालयामागे एकच टाकी, तीन वाफे, वर्षभर चालवून दाखवावे. खर्च, मेलेले मासे, निघालेली भाजी, सगळे फळ्यावर लिहावे. सभासदांनी येता-जाता ते वाचावे आणि मगच काय ते ठरवावे. टाकी चार दिवसांत बांधून होते. तिच्याकडे रोज सकाळी पाहणारे डोळे विकत मिळत नाहीत, ते घरातच असावे लागतात.