फातमा बेगम यांचा सिनेमा कुठल्या यादीत शोधायचा?

‘मरण्यापूर्वी पाहायलाच हवेत’ अशा सिनेमांच्या याद्यांचं वेड आपल्या पिढीत बरंच आहे. एकेका नावापुढे खूण करत जायला मजा येते. बोलपट कुठे ना कुठे मिळतात. गाडी अडते ती मूकपटांपाशी. तिथे पैसे मोजायची तयारी असूनही सिनेमा मिळेलच असं नसतं, कारण अनेकदा तो जगात शिल्लकच नसतो.

या शोधाच्या काही कहाण्या प्रसिद्ध आहेत. कार्ल ड्रायर यांचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) मूळ रूपात कायमचा गेला, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. १९८१ मध्ये त्याची प्रत ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयातल्या कपाटात सापडली. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’चा (१९२७) कापून टाकलेला बराचसा भाग २००८ मध्ये ब्यूनस आयर्सच्या एका चित्रपट संग्रहालयात मिळाला. हे सिनेमे आज प्रत्येक यादीत असतात. मात्र अशी यादी म्हणजे त्या काळातल्या सर्वोत्तम सिनेमांची यादी नव्हे. जे वाचले, त्यांतल्या सर्वोत्तमांची ती यादी आहे. ‘आपलं आहे, जपायला हवं’ असं वाटणारं कुणीतरी ज्यांच्या वाट्याला आलं, ते सिनेमे वाचण्याची शक्यता वाढली.

आपल्याकडची स्थिती फार वाईट आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पासून पुढच्या वीसेक वर्षांत भारतात हजाराहून जास्त मूकपट तयार झाले. आज उरलेत जेमतेम तीसच्या आसपास, आणि त्यातले बरेच तुकड्यांत. फिल्म नायट्रेटची होती, ती सहज पेट घेई. तिच्यात चांदी असे, म्हणून ती भंगारात विकली जाई. बोलपट आले आणि मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात उरलेल्यातलंही बरंच गेलं.

या राखेत आपली कोण माणसं आहेत?

पहिलं नाव फातमा बेगम. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाला करावी लागली होती, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळत नव्हती. त्यानंतर नऊच वर्षांनी, उर्दू रंगभूमीवरून आलेल्या फातमा बेगम ‘वीर अभिमन्यू’मध्ये (१९२२) पडद्यावर दिसल्या. १९२६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातल्या पहिल्या महिला दिग्दर्शक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. सुलताना, झुबेदा आणि शहजादी या त्यांच्या तिन्ही मुली पडद्यावर आल्या. झुबेदा तर ‘आलम आरा’ची (१९३१) नायिका. आज ‘बुलबुल-ए-परिस्तान’ उपलब्ध नाही आणि ‘आलम आरा’ही नाही.

दुसरं नाव अब्दुलअली युसुफअली. तंबूत सिनेमा दाखवत ते गावोगाव, देशोदेशी फिरले. पुढे मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये आणि इंपीरियल कंपनीत अर्देशिर इराणींचे भागीदार झाले. ‘आलम आरा’ त्याच मॅजेस्टिकमध्ये लागला.

तिसरं नाव तर आपल्या मातीतलं, कागलचे शेख फत्तेलाल. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते घडले. विष्णुपंत दामले यांच्यासोबत त्यांनी ‘महारथी कर्ण’ (१९२८) हा मूकपट केला. १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी करणाऱ्यांत ते होते. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) याच दामले-फत्तेलाल जोडीचा. मराठी भक्तिपटाचं शिखर मानल्या जाणाऱ्या सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक मुसलमान होता, हे आपल्यापैकी कितीजणांना शाळेत कुणी सांगितलं?

ही माणसं दोनदा पुसली गेली. एकदा फिल्म जळाली, विकली गेली म्हणून. दुसऱ्यांदा आपण आठवण ठेवली नाही म्हणून. मुसलमानांचं मराठी संस्कृतीत काय योगदान, असं बाहेरचे विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. घरातले म्हणतात, सिनेमा हराम, आणि नाटकात काम करणाऱ्या बाईचं नावही घरात काढायचं नाही. फातमा बेगम यांच्या वाट्याला हे दोन्ही आलं. शंभर वर्षांपूर्वी एक मुस्लिम बाई स्वतःच्या नावाने कंपनी काढते, सिनेमा दिग्दर्शित करते. आज आपल्या मुलींना काय शिकायचं, काय करायचं यावर वाद घालणाऱ्यांनी हे नाव ऐकायलाच हवं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, शिक्षण, नोकरी, सुरक्षितता हे प्रश्न उभे असताना जुन्या सिनेमांचे चोचले कशाला? ते प्रश्न मोठेच आहेत. पण तुम्ही इथले की बाहेरचे, असा प्रश्न ज्या समाजाला ऊठसूट विचारला जातो, त्याने आपल्या कामाचे पुरावे कुजू देणं परवडणारं नाही. दुसरा, हा नावं मोजण्याचा जमातवाद नाही का? नुसती नावं मोजली तर तसंच होईल. पण इराणी आणि युसुफअली, दामले आणि फत्तेलाल या जोड्याच सांगतात की हा इतिहास एकट्या कुणाचा नाही. ‘शिराझ’ (१९२८) ही ताजमहालाची गोष्ट. ती पडद्यावर आणली हिमांशू राय या बंगाली निर्मात्याने, फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन दिग्दर्शकाकडून. ‘शिराझ’ वाचलाय. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो दुरुस्त केला आणि २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह दाखवला. मिळवून पाहाच.

हरवलेलं परत मिळतंही. पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून रिळं मिळवून ‘कालिया मर्दन’ (१९१९) जुळवला. मल्याळम मूकपट ‘मार्तंड वर्मा’ (१९३३) कॉपीराइटच्या खटल्यात जप्त झाला, पुस्तकवाल्याकडे पडून राहिला आणि म्हणूनच वाचला. ‘बिल्वमंगल’चा (१९१९) ५९४ मीटरचा भाग २०१६ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयातून पुण्याला आला, बदल्यात आपण ‘जमाई बाबू’ दिला.

मग आपण काय करायचं? फिल्मचे डबे सापडतील अशी आशा कमीच. पण जाहिरातीची पत्रकं, गाण्यांच्या पुस्तिका, फोटो, तिकिटं, करारपत्रं घराघरांत असू शकतात, विशेषतः मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या जुन्या मोहल्ल्यांत. यातलं बरंच उर्दूत किंवा गुजरातीत असेल. आपल्याला मोबाइलवर स्कॅन करता येतं, आजी-आजोबांना उर्दू वाचता येतं. हे दोन्ही एकत्र असण्याची ही शेवटचीच वर्षं आहेत. कागदावर काय लिहिलंय, फोटोत कोण आहे, वर्ष कोणतं, हे त्यांच्याकडून विचारून स्कॅनसोबतच टिपून ठेवा. नाव-तारीख नसलेली फाइल म्हणजे पुन्हा हरवलेली वस्तूच. त्याची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला द्या. आणि भारतीय कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे इथले मूळ मूकपट दाखवायला कॉपीराइटसाठी कुणाची परवानगी लागत नाही. मोहल्ल्यातल्या वाचनालयात पडदा लावा, ‘कालिया मर्दन’ लावा, ‘संत तुकाराम’ची माहिती सांगा, फातमा बेगम यांचं नाव घ्या.

‘बुलबुल-ए-परिस्तान’पुढे खूण करणं कदाचित कुणालाच जमणार नाही. तरीही आपल्या यादीत तो लिहायचा, पुढची जागा रिकामी ठेवून.