शिफारस की वाटप? हिंगोलीची वाचनालये, नवी कादंबरी आणि समीक्षेची रजा

१

मराठी कादंबरीविषयी गेल्या पन्नास वर्षांत विपुल सैद्धांतिक लेखन झाले. रूप आणि आशय, स्वायत्तता आणि बांधिलकी, देशीयता आणि आधुनिकता अशा जोड्यांची मांडामांड करीत ही समीक्षा पुढे सरकली. एका टोकाला रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४), दुसऱ्या टोकाला भालचंद्र नेमाडे यांचे 'टीकास्वयंवर' (१९९०), आणि या दोहोंच्या दरम्यान असंख्य प्रबंध, चर्चासत्रे व गौरवग्रंथ असा हा व्याप आहे. या व्यापात एक साधा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला; किंबहुना तो समीक्षेचा प्रश्न आहे असेच कोणाला वाटले नाही. सेनगाव किंवा कळमनुरीच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलापाशी उभा असलेला सभासद 'नवीन काही चांगलं आलंय का?' असे विचारतो, तेव्हा त्याच्या हाती कोणती कादंबरी द्यावी, आणि का द्यावी?

हा प्रश्न क्षुल्लक मानण्याची प्रथा आहे. शिफारस हे ग्रंथपालाचे, विक्रेत्याचे, फार तर वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीचे काम. समीक्षकाचे काम विश्लेषणाचे, अशी श्रमविभागणी विद्यापीठीय वर्तुळात रूढ झाली आहे. ती वरवर निरुपद्रवी दिसते. वस्तुतः समीक्षेने आपल्या मुख्य जबाबदारीतून काढलेली ती दीर्घ मुदतीची रजा आहे. या रजेचा भुर्दंड कोणाला पडतो, हे पुण्या-मुंबईच्या पुस्तकप्रदर्शनांत दिसत नाही. ते पाहायचे तर हिंगोलीसारख्या जिल्ह्याकडे पाहावे लागते.

२

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे त्याचे पाच तालुके. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९२९ च्या कुप्रसिद्ध ५३ क्रमांकाच्या गश्तीने सभा-संमेलनांवर परवानगीचा पहारा बसवला होता. अशा काळात मराठवाड्यातील वाचनालय ही मराठी भाषेची उघडपणे बसण्याची जागा होती. तेथून मराठी पुस्तक घरी नेणे ही कृतीसुद्धा एक भूमिका असे. कोणते पुस्तक मागवायचे हे ठरवणाऱ्या माणसाला ते आपण का मागवतो हे ठाऊक असे. त्याची कारणे पुष्कळदा वाङ्मयीन नव्हती; पण कारणे होती.

पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ आला. वाचनालयांना शासनमान्यता मिळाली, अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, वर्गानुसार अनुदान सुरू झाले. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या याद्या आल्या. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतूनही ग्रंथ येऊ लागले. या व्यवस्थेची चेष्टा करण्याचे कारण नाही. अनुदान कितीही तुटपुंजे आणि उशिराचे असले, तरी ज्या गावात पुस्तकाचे दुकान नाही तेथे कपाट उभे राहिले ते तिच्यामुळेच.

परंतु यादी आणि शिफारस यांत जातीचा फरक आहे. यादी ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि किंमत सांगते. कारण सांगत नाही. कारण सांगणे हा तिचा धर्मच नव्हे. यादीबरहुकूम पुस्तके येतात, दाखल होतात, त्यांच्यावर शिक्के बसतात, तपासणीच्या वेळी त्यांची संख्या मोजली जाते. याला वाटप म्हणतात. वाटपाला वाचकाचा चेहरा लागत नाही. शिफारशीला तो लागतो, कारण शिफारस नेहमी कोणाला तरी केलेली असते. यादीच्या रिकाम्या रकान्यात 'का' हा शब्द भरण्याचे काम समीक्षेचे होते. तिने ते केले नाही म्हणून ते पुरस्काराच्या पट्टीने, मलपृष्ठावरील स्तुतीने आणि वितरकाच्या सवलतीने केले. वाचनालय हळूहळू स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका होत गेले, याबद्दल हळहळणाऱ्यांनी याही रिकाम्या रकान्याचा विचार करावा.

३

समीक्षेच्या या अनुपस्थितीत हिंगोलीच्या वाचकाविषयी दोन समजुती बोकाळल्या. पहिली अशी की, त्याला गंभीर कादंबरी झेपणार नाही. त्याला 'मृत्युंजय' द्या, 'स्वामी' द्या, फार तर 'पानिपत' द्या. नव्या प्रयोगांचे ओझे त्याच्यावर नको. या समजुतीत दयाळूपणाचा आव असतो, म्हणून ती अधिक घातक आहे.

ज्या जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव आणि औंढा हे त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश झाल्याचे स्थान, तेथील श्रोता पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात बसत आला आहे. एका अभंगाच्या चार चरणांसाठी तो दोन तास देतो. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, दृष्टान्त, पाठभेद ही सारी सामग्री तो अंगणात मांडी घालून पचवतो. विसोबांच्या गोष्टीत देव नाही अशी जागा दाखव, हा जो पेच आहे, तो कोणत्याही आधुनिकतावादी कादंबरीच्या पेचापेक्षा सोपा नाही. या श्रोत्याला दुर्बोधतेचे भय नसते, कारण त्याच्या आणि दुर्बोधतेच्या मध्ये कीर्तनकार उभा असतो. नव्या कादंबरीपाशी असा कोणी उभा नाही. झेपत नाही ते वाचकाला नव्हे; मध्ये उभे राहणे ज्यांना झेपत नाही त्यांनी वाचकाच्या नावावर टाकलेली ही उधारी आहे.

दुसरी समजूत अधिक सुशिक्षित आहे. ती म्हणते, ग्रामीण वाचकाला ग्रामीण कादंबरी द्या. त्याला त्याचे जगणे दिसू द्या. देशीवादाच्या नावाने ती खपवली जाते, पण देशीवादाचा तो विपर्यास आहे. वाङ्मय आपल्या भूमीतून व परंपरेतून वाढते, हा निर्मितीविषयीचा आणि मूल्यांविषयीचा विचार झाला. त्यावरून ज्या मातीतला वाचक त्याच मातीतले पुस्तक त्याला, असा शिधावाटपाचा नियम निघत नाही. पुण्याच्या वाचकाला केवळ सदाशिव पेठेच्या कादंबऱ्या द्याव्यात असे कोणी सुचवत नाही. त्याला जग दिले जाते. हिंगोलीच्या वाचकाला मात्र आरसा दिला जातो आणि वर या आरशाबद्दल कृतज्ञतेची अपेक्षा ठेवली जाते. ज्या नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, त्यांच्या मुलखाला स्वतःपलीकडचे काही नको, हे अनुमान कोणत्या वाचनातून काढले गेले, ते एकदा स्पष्ट व्हावयास हवे.

४

नव्वदच्या दशकात मराठी नियतकालिकांतून वाचककेंद्री समीक्षेची बरीच चर्चा झाली. इझर यांचा 'गर्भित वाचक' आणि याउस यांचे 'अपेक्षाक्षितिज' या संज्ञा निबंधांतून वावरू लागल्या. गंमत अशी की, वाचकाविषयी एवढे लिहूनही वर्गणी भरणारा वाचक या लेखनात कोठे शिरला नाही. वास्तविक याउस यांच्या संकल्पनेचा अत्यंत काटेकोर उपयोग जर कोठे होऊ शकत असेल, तर तो वाचनालयातील शिफारशीत. वाचकाने आजवर काय वाचले आहे, समोरची कादंबरी काय करते, आणि या दोहोंतले अंतर किती, या तीन गोष्टींचा एकत्रित निर्णय म्हणजे शिफारस. अंतर शून्य असेल तर ती करमणूक होते. ओलांडता न येण्याइतके असेल तर पुस्तक तिसऱ्या दिवशी परत येते. हे अंतर मोजण्यासाठी तौलनिक समीक्षेची सर्व शस्त्रे लागतात.

उदाहरणादाखल, 'पानिपत' (१९८८) आवडलेला वाचक घ्यावा. त्याला दुसरी युद्धकथा देणे म्हणजे वाटप. त्याला रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) द्यावी आणि सांगावे की, इतिहासाचे वेड येथेही आहे. मात्र येथे इतिहास सेनापतीचा नसून एका कुळाचा आहे, आणि कुळाच्या शुद्धतेची जी कल्पना मनात असते ती वाचता वाचता विरघळते. ग्रंथ अवाढव्य आहे, मध्ये मध्ये पसरतो, हेही त्याच दमात सांगावे. दोष लपवणारी शिफारस जाहिरात होते.

जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक हा तालुक्याच्या वाचनालयाचा ओळखीचा सभासद. रमेश इंगळे उत्रादकर यांची 'निशाणी डावा अंगठा' (२००५) साक्षरता अभियानाच्या कागदोपत्री यशाची कथा सांगते. ती विनोदी आहे एवढे सांगून भागणार नाही. अहवाल, परिपत्रके आणि तक्ते यांची भाषाच माणसांना कशी गिळते, हे ती दाखवते, आणि वाचकाला स्वतःच्या सहीकडे संशयाने पाहायला लावते. येथे आरसा आहे खरा, पण तो कौतुकाने पाहण्याचा नाही.

ग्रामपंचायतीत निवडून गेलेल्या, किंवा तेथे नवऱ्याने आपल्या नावाने बसावे हे न पटलेल्या स्त्रीला कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) द्यावी. आदिवासी भागातील स्त्री सरपंचांच्या हकिकती तीत आहेत. तरी तिचे बळ माहितीत नसून, दुसऱ्यांना बोलते करायला निघालेल्या स्त्रीला स्वतःचा आवाज सापडत जातो त्या रचनेत आहे. येलदरी, सिद्धेश्वर व इसापूर ही धरणे जिल्ह्यात आणि त्याच्या सीमांवर आहेत. पाण्याखाली गेलेल्या शिवाराची आठवण ज्या घरांत आहे, त्यांना कृष्णात खोत यांची 'रिंगाण' परकी वाटणार नाही. तिला २०२३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला हे सांगणे दुय्यम आहे. मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात उठवलेल्या गावाकडे परतणारा माणूस आणि रानटी होत गेलेले जनावर यांतून विस्थापनाचा अर्थ ती कसा पालटते, हे सांगणे मुख्य.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) आणि शेजारच्या वाशीम परिसरातील नामदेव कांबळे यांची 'राघववेळ' या कादंबऱ्या जवळच्या म्हणून आपोआप पोचतील, असे समजू नये. 'बारोमास'मधील शिकून बेकार राहिलेल्या एकनाथची व्यथा येथील तरुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्याला सांगावे लागते ते हे, की ही कादंबरी व्यथेवर थांबते की तिच्या कारणांपर्यंत जाते, याचा निर्णय त्याने स्वतः करायचा आहे. आणि याच तरुणाला नंदा खरे यांची 'उद्या' का देऊ नये? पाळत आणि बाजार यांच्या विळख्यातील उद्याचे जग तीत आहे. तीत पात्रे विचारांच्या ओझ्याखाली वाकतात, हे खरे. तरीही हातातील मोबाईल हिंगोलीत जेवढी पाळत ठेवतो तेवढीच मुंबईत ठेवतो, एवढे एक वाक्य त्या पुस्तकाचा दरवाजा उघडण्यास पुरेसे आहे. या कादंबरीला २०२० चा अकादेमी पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकाने तो नाकारला. पुरस्काराच्या पट्टीवर विसंबणाऱ्या निवडीने या घटनेवरही विचार करावा.

५

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शिफारस म्हणजे समीक्षकाने आपली अभिरुची वाचकावर लादणे होय. कारण न देता निवड केली तरच ती लादली जाते. कारण दिले की ते तपासता येते, नाकारता येते. आज अभिरुची लादली जात नाही असे नाही. ती यादीतून, सवलतीतून आणि मौनातून लादली जाते, आणि तिच्याशी वाद घालायला कोणी सापडत नाही. दुसरा आक्षेप असा की, चार वाक्यांत कादंबरीविषयी बोलणे म्हणजे समीक्षेचे सुलभीकरण. वसमतच्या आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीची कांडी मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय जाणता व्यापारी बोली लावत नाही, आणि तो निर्णय चारचौघांत, मोठ्याने, आपल्या पैशांच्या जोरावर सांगतो. चार वाक्यांमागे आयुष्याचे पारखणे असते. ज्याला आपला वाङ्मयीन निर्णय चार वाक्यांत सांगता येत नाही, त्याच्यापाशी बहुधा निर्णय नसतो, परिभाषा असते.

शिफारशीची खरी भीती वेगळीच आहे. चर्चासत्रात वाचलेला निबंध चुकीचा ठरत नाही. तो इतिवृत्तात छापला जातो. शिफारस चुकीची ठरू शकते. न वाचता परत आलेले पुस्तक हा तिच्याविरुद्धचा पुरावा असतो, आणि तो टेबलावर, दुसऱ्या सभासदांच्या देखत ठेवला जातो. समीक्षेने टाळली ती ही परीक्षा.

ती देण्यास फार मोठी योजना लागत नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हिंगोली जिल्हा येतो. तेथे मराठी विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाकाठी दोन नव्या कादंबऱ्यांविषयी प्रत्येकी एक पान लिहावे. ते परीक्षकासाठी नसावे; आपल्या तालुक्याच्या वाचनालयातील सभासदासाठी असावे. ही कादंबरी कोणी वाचावी, का वाचावी, कोठे अडखळायला होईल आणि तेथून पुढे का जावे, एवढेच त्यात असावे. ते पान पुस्तकाच्या आतल्या बाजूस चिकटवावे. शेवटच्या पानावरील चिठ्ठीत परतीच्या तारखांचे शिक्के पडतात की ती कोरी राहते, हे सहा महिन्यांनी जाऊन पाहावे. लिहिणाऱ्याच्या अभ्यासाचे गुण त्या चिठ्ठीवरून ठरवता आले नाहीत, तरी आपण कोणासाठी लिहितो हे त्याला त्या दिवशी कळेल. प्राध्यापकांनीही सोबत जाण्यास हरकत नसावी.