‘घरीच तर असतेस!’

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ऑफिस घरी आलं, तेव्हा बोरिवलीची लोकल सुटली म्हणून अनेकींना हायसं वाटलं. प्रवासाचे तास वाचले. पण ते गेले कुठे?

गोराईची वसाहत म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने छोट्या भूखंडांवर वसवली. अशा लहान घरात टेबल एकच. ते आधी नवऱ्याच्या मीटिंगला, मग मुलांच्या अभ्यासाला. बाईचं काम सुरू होतं सगळे झोपल्यावर. सकाळी डब्यासाठी उठायचंही तिनेच. कात्री लागते ती तिच्या झोपेला.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, तर पुरुषांची ९७. ऑफिस घरी आलं म्हणून ही वाटणी आपोआप बदलत नाही.

मैत्रिणींनो, हे दुखणं नवं नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायका पिढ्यान्‌पिढ्या घरीच राबताहेत. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार क्र. १७७ केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

विडीवालीला हजारामागे पुरेशी मजुरी हवी, संगणकावरचीला कामाच्या तासांना शेवट हवा. दोघींनाही घरकामात वाटेकरी हवा. पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारूया : काल किती तास झोपलीस? उत्तरं लिहून ठेवूया. मागणीपत्र तिथूनच सुरू होईल.